एम-३०: एका निळ्या गोळीमागे धावणारे कायदे

जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या कागदी पुड्या सोडल्या, तर आपल्याकडे औषधाची गोळी सहसा सुटी मिळत नाही. केमिस्टने चारच गोळ्या कापून दिल्या तरी त्या स्ट्रिपमध्ये असतात आणि मागच्या चंदेरी कागदावर नाव, बॅच नंबर, मुदत यातलं काहीतरी शिल्लक राहिलेलं असतं. त्यामुळे अमेरिकेत नव्याने गेलेला मराठी माणूस तिथल्या औषधाच्या दुकानात थोडा बुचकळ्यात पडतो. तिथला फार्मासिस्ट मोठ्या डब्यातून गोळ्या मोजून काढतो, नारिंगी प्लास्टिकच्या बाटलीत ओततो आणि वर रुग्णाच्या नावाचं लेबल चिकटवतो. बाटलीतून बाहेर पडली की ती गोळी सुटीच. मग ती कसली आहे हे ओळखायचं कसं?

तिच्या अंगावरच्या शिक्क्यावरून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० च्या दशकात नियम केला, की तोंडाने घ्यायच्या प्रत्येक गोळी-कॅप्सूलवर औषध आणि उत्पादक ओळखता येईल अशी खूण असलीच पाहिजे. आकार, रंग आणि शिक्का हे तीन मिळून गोळीची ओळख ठरते. हेतू चांगला होता. बेशुद्ध रुग्णाच्या खिशात गोळी सापडली, तर इस्पितळातला डॉक्टर मिनिटभरात सांगू शकतो की ती कसली आहे. पण ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हाती विश्वास, हा या नियमाचा दुसरा अर्थ गुन्हेगारांनी बरोबर हेरला.

फिकट निळी, गोल, एका बाजूला चौकटीत ‘एम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘३०’ अशी गोळी म्हणजे ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाची ३० मिलिग्रॅमची मात्रा. अमेरिकेत रस्त्यावर किंवा मोबाइलवरच्या अॅपमधून ‘एम-३०’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत मात्र बहुतेक वेळा ऑक्सिकोडोनचा कणही नसतो. असतं ते फेंटानिल.

मागणी आधी, गोळी नंतर

१९९६ मध्ये याच ऑक्सिकोडोनचं ‘ऑक्सिकॉन्टिन’ हे औषध बाजारात आलं आणि अमेरिकी डॉक्टर ओपिऑइड वेदनाशामकं सढळ हाताने लिहून देऊ लागले. ओपिऑइड म्हणजे अफूतून निघणारी किंवा अफूसारखंच काम करणारी औषधं. लाखो लोकांना सवय लागली. पुढे सरकार जागं झालं, चिठ्ठ्यांवर बंधनं आली, २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज कुटता येऊ नये म्हणून तिची घडण बदलण्यात आली. पुरवठा आटला, पण व्यसन जिथल्या तिथेच राहिलं. काही जण हेरॉइनकडे वळले. २०१३ नंतर बेकायदा फेंटानिलने हेरॉइनची जागा घ्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर लवकरच ते गोळीच्या रूपात येऊ लागलं. सुई टोचायला घाबरणारा माणूस गोळी गिळायला घाबरत नाही. व्यापारी हिशेबाने पाहिलं तर ही चाल अचूक होती.

फेंटानिल हे मुळात दर्जेदार औषध आहे. बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत ते १९६० च्या सुमारास तयार झालं आणि आजही आपल्या मोठ्या इस्पितळांत भूल देताना वापरलं जातं. ताकद मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट. तिथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात आणि शेजारी भूलतज्ज्ञ श्वासावर डोळा ठेवून असतो.

श्वास का थांबतो

आपण श्वास घ्यायला विसरत नाही, कारण मेंदूच्या बुंध्याशी असलेली केंद्रं रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की लगेच ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतात. ओपिऑइड औषधं मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना चिकटतात. ग्राही म्हणजे पेशीवरची ती जागा जिथे एखादा रेणू बसला की पेशीचं वागणं बदलतं. वेदना कमी होते ती या ग्राहींमुळेच, पण श्वासकेंद्रातल्या पेशींवरही तेच ग्राही असतात. तिथे औषध जास्त झालं की केंद्र सुस्तावतं. कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो, हुकूम मात्र सुटत नाही. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत झपाट्याने शिरतं. माणूस झोपल्यासारखा दिसतो, घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळसर पडतात. घरच्यांना वाटतं दमून झोपलाय.

सवय नसलेल्या माणसाला साधारण २ मिलिग्रॅम फेंटानिल जीवघेणं ठरू शकतं. पेन्सिलीच्या टोकावर मावेल इतकी ही भुकटी. एका किलोत अशा ५ लाख मात्रा बसतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे कायद्याची एक अडचण त्याच्यापाशीच येऊन थांबते.

गोळी बनते कशी

गोळी तयार करण्याची कृती फारशी गुंतागुंतीची नाही. पोलादी साच्यात (याला कारखान्यात डाय म्हणतात) भुकटी पडते, खालून-वरून दोन पंच ती दाबतात आणि टणक गोळी बाहेर येते. पंचाच्या तोंडावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, ती दाबतानाच गोळीवर उमटतात. म्हणजे शिक्का नंतर छापलेला नसतो, गोळी जन्मतेच शिक्का घेऊन. टेबलावर मावणारं यंत्रही हे काम करतं आणि मोठं फिरतं यंत्र तासाला हजारो गोळ्या पाडतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जनावरांची औषधं या सगळ्यांसाठी ही यंत्रं लागतात. म्हणून ती सरसकट बंद करता येत नाहीत.

खरी कसोटी दाबण्याची नसून मिसळण्याची असते. सत्यनारायणाच्या मोठ्या पातेल्यातल्या शिऱ्यात मूठभरच बेदाणे टाकले आणि डाव दोनदा फिरवून प्रसाद वाटला, तर कोणाच्या द्रोणात सहा बेदाणे येतात, कोणाच्या एकही नाही. नकली गोळीचं हेच होतं. साधारण १०० मिलिग्रॅमच्या गोळीत २ मिलिग्रॅमच फेंटानिल, बाकी स्टार्च-लॅक्टोजसारखी भर आणि निळा रंग. औषध कारखान्यात इतकी छोटी मात्रा टप्प्याटप्प्याने मिसळतात. आधी औषधाइतकीच भर घालून ढवळायचं, मग झालेल्या मिश्रणाइतकी, मग पुन्हा तेवढी, आणि शेवटी मिश्रणाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले नमुने तपासायचे. गुन्हेगारांच्या शेडमध्ये ही शिस्त कुठून येणार? एकाच पिशवीतल्या दोन गोळ्यांपैकी एकीने काही होत नाही आणि दुसरीने माणूस जातो. ‘मी कालच घेतली होती, काही झालं नाही’ या वाक्याला इथे काहीच किंमत नाही.

अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, म्हणजे डीईएने, जप्त केलेल्या फेंटानिलच्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा २०२३ मध्ये दहापैकी सात गोळ्यांत २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त फेंटानिल निघालं. २०२४ मध्ये हे प्रमाण दहापैकी पाचावर आलं. त्या वर्षी जप्त झालेल्या गोळ्या होत्या ६ कोटींहून अधिक.

पण एक तोल सांभाळायला हवा. २०२२ मध्ये अमेरिकेत अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. ती सगळी बनावट गोळ्यांमुळे गेली असं अनेकदा सूचित केलं जातं, ते खरं नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत २०२१ च्या अखेरीस सुमारे ५ टक्के मृत्यूंमध्ये बनावट गोळीचा पुरावा सापडला, पश्चिमेकडच्या राज्यांत सुमारे १५ टक्के. मात्र १० ते १९ वयोगटात, म्हणजे जिथे नेहमीचं व्यसन कमी आणि ‘एकदा घेऊन बघू’ जास्त, तिथे जवळपास एक चतुर्थांश मृत्यूंमागे असा पुरावा होता. कायदेमंडळ हलतं ते या चतुर्थांशामुळे.

पकडायचं काय: भुकटी?

१९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने अमेरिकेत अमली पदार्थांच्या पाच अनुसूची केल्या. पहिलीत औषधी उपयोग मान्य नसलेले हेरॉइनसारखे पदार्थ, दुसरीत उपयुक्त पण धोकादायक. फेंटानिल दुसरीत आहे. शिक्षा वजनावर ठरते. फेंटानिल असलेलं ४० ग्रॅम मिश्रण विकायला बाळगलं तर किमान ५ वर्षं तुरुंग, ४०० ग्रॅमला किमान १० वर्षं. कायदा शुद्ध फेंटानिल मोजत नाही, अख्खी गोळी मोजतो. गोळीचं वजन ०.१ ग्रॅम धरलं तर ४०० गोळ्या झाल्या की पहिली पायरी गाठली जाते.

मग अडचण कसली? रसायनशास्त्राची. फेंटानिलच्या रेणूत एखादा अणुगट बदलला की नवा पदार्थ तयार होतो आणि तो यादीत नसतो. यावर १९८६ मध्ये ‘सदृश पदार्थ’ कायदा आला: यादीतल्या पदार्थासारखी रचना आणि परिणाम असेल तर तोही गुन्हाच. पण ‘सारखी’ म्हणजे किती सारखी, हे दर खटल्यात तज्ज्ञ उभे करून नव्याने सिद्ध करायचं. म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये डीईएने वेगळी वाट घेतली. फेंटानिलच्या रेणूत ठरावीक पाच प्रकारचे बदल करून जे जे तयार होईल, ते सगळं कुटुंबच तात्पुरतं पहिल्या अनुसूचीत टाकलं. संसदेने या तात्पुरत्या हुकमाला मुदतवाढ देत देत सात वर्षं काढली आणि अखेर १६ जुलै २०२५ रोजी ‘हॉल्ट फेंटानिल’ कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कुटुंब कायमचं यादीत गेलं. चीननेही १ मे २०१९ पासून असंच कुटुंब-नियंत्रण लागू केलं होतं.

परिणाम झाला, पण हवा तसा नाही. चीनमधून तयार भुकटीची पाकिटं येणं घटलं, त्याऐवजी ती बनवायची कच्ची रसायनं मेक्सिकोत जाऊ लागली. सिनालोआ आणि हालिस्को इथल्या टोळ्या स्वतःच फेंटानिल बनवून गोळ्या पाडू लागल्या. यातल्या दोन मुख्य कच्च्या रसायनांवर संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणलं, तेव्हा त्यांच्याही आधीच्या पायरीची रसायनं बाजारात आली. शिवाय बनावट गोळ्यांत आता ‘निटाझीन’ नावाचं दुसरंच घराणं सापडू लागलंय. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये शोधलेले हे पदार्थ औषध म्हणून कधीच मान्य झाले नव्हते. फेंटानिलच्या रेणूशी त्यांचं नातं नाही, म्हणजे ते त्या कुटुंबाच्या कायद्यात बसत नाहीत.

की यंत्र आणि शिक्का?

माझ्या मते कायद्याचा जास्त रास्त नेम इथे आहे. पाच लाख मात्रांची भुकटी किलोच्या पिशवीत लपते, रसायन बदलता येतं, पण ‘एम’ आणि ‘३०’ कोरलेल्या पंचाला दुसरा प्रामाणिक उपयोग असूच शकत नाही. अमेरिकेच्या कायद्यात हे आधीपासून आहे. दुसऱ्याच्या औषधाची खूण उमटवणारा साचा किंवा पंच बाळगणं गुन्हा आहे, आणि नियंत्रित पदार्थ बनवले जाणार हे माहीत असून गोळ्यांचं यंत्र बाळगणंही. १९८८ पासून तर अशा यंत्रांची आयात-विक्री डीईएला कळवावी लागते.

गंमत शिक्षेत आहे. साध्या यंत्र-साच्याच्या गुन्ह्याला कमाल ४ वर्षं. तेच यंत्र मेथॅम्फेटामिन, म्हणजे मेथ हा उत्तेजक अमली पदार्थ, बनवायला वापरणार असाल तर कमाल १० वर्षं, कारण हा भाग दुरुस्त झाला तेव्हा देशाला भीती मेथची होती. फेंटानिल तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ही विसंगती दूर करायला आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली आणि न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅट सिनेटर मॅगी हॅसन यांनी ‘कास्ट’ नावाचं विधेयक मांडलं. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतल्या औषधाची नक्कल करण्याच्या इराद्याने साचा बाळगला तर २० वर्षांपर्यंत शिक्षा, असा त्याचा गाभा. दोन्ही पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नाहीत अशा काळात या विषयावर ते एकत्र आले, हे विशेष.

| चौकट: एका बनावट गोळीला किती ठिकाणी अडवता येतं |
|---|
| रसायन: कच्च्या मालावर आंतरराष्ट्रीय आणि देशी नियंत्रण |
| भुकटी: अनुसूची, सदृश पदार्थ कायदा, २०२५ चा कुटुंब-कायदा |
| यंत्र, डाय, पंच: विक्रीची नोंद, बाळगण्यावर शिक्षा |
| टपाल: २०१८ च्या ‘स्टॉप’ कायद्यानुसार परदेशी पार्सलची माहिती आगाऊ इलेक्ट्रॉनिक रूपात |
| विक्री: मृत्यू झाल्यास विक्रेत्याला किमान २० वर्षं |

तरीही केवळ वर्षं वाढवून फार साधेल असं मला वाटत नाही. यंत्र सुटे भाग करून, भलत्याच नावाने पार्सलमधून येतं. साचा तर खिशात मावतो. ज्याला मेक्सिकोतल्या शेडमधून गोळ्या पाडायच्या आहेत, त्याला वॉशिंग्टनमधली ४ वर्षं काय आणि २० काय. उपयोग होतो तो नोंदीचा. यंत्रावर आणि त्याच्या मुख्य भागांवर क्रमांक कोरा, विकणाऱ्याने घेणाऱ्याची ओळख ठेवा, म्हणजे पकडलेल्या यंत्रावरून मागे जाता येतं. जानेवारी २०२४ मध्ये ईबे या बाजार-संकेतस्थळाने अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड करून ५ कोटी ९० लाख डॉलर भरले. आपल्या संकेतस्थळावरून गोळ्यांची हजारो यंत्रं ओळख आणि नोंद न ठेवता विकली गेली, असा त्या कंपनीवर आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही. पण त्या एका तडजोडीने इतर बाजारांना जो धाक बसला असेल, तो कुठल्या कैद्याच्या शिक्षेने बसला नसता.

विक्रेत्याला किमान २० वर्षं, हे चौकटीतलं शेवटचं कलम कागदावर भीतीदायक दिसतं. प्रत्यक्षात २०१४ मध्ये ‘बरेज’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्याच औषधामुळे मृत्यू झाला, ते नसतं तर झाला नसता, हे सिद्ध करावं लागेल. आणि ते पुरवलं कोणी, हेही. गायक प्रिन्स २०१६ च्या एप्रिलमध्ये मिनेसोटातल्या घरी मरण पावला. आपण व्हायकोडिन ही वेदनाशामक गोळी घेतोय अशीच त्याची समजूत असावी आणि आत फेंटानिल होतं, असं सरकारी वकिलाने दोन वर्षांनी सांगितलं. त्या गोळ्या कोणाकडून आल्या हे शोधता आलं नाही, कोणावरही आरोप ठेवता आला नाही. जगप्रसिद्ध माणसाची ही कथा, तर अनोळखी मुलाने फोनवरून मागवलेल्या एका गोळीची साखळी कोण जोडणार?

आपल्याकडचं चित्र वेगळं, पण तुटलेलं नाही

भारतात नकली औषधाचा अर्थ बहुधा उलटा असतो. तिकडे गोळीत नको ते असतं, इकडे हवं ते नसतं. सरकारी इस्पितळांना पुरवलेल्या नकली प्रतिजैविकांच्या प्रकरणात नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केलं, त्यात गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं म्हटलं होतं. त्याने श्वास थांबत नाही, पण संसर्ग बळावतो. आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. २००८ च्या दुरुस्तीनंतर ज्या नकली औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते, त्याच्या उत्पादकाला-विक्रेत्याला किमान १० वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड आहे. शिक्षा कडक आहेच, तुटवडा आहे तो तपासनीसांचा आणि प्रयोगशाळांचा. नोंदीच्या बाजूने एक चांगलं पाऊल मात्र पडलं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते.

अमेरिकेच्या कहाणीशी आपला थेट धागाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी वित्त खात्याने दोन भारतीय नागरिकांवर आणि भारतातल्या एका ऑनलाइन औषध व्यवसायावर निर्बंध लादले. खऱ्या औषधांच्या नावाखाली फेंटानिल असलेल्या बनावट गोळ्या अमेरिकी ग्राहकांना पुरवल्याचा आरोप होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीबीसीच्या शोधवृत्तानंतर टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रगोळ्यांची निर्मिती-निर्यात केंद्राने थांबवली. पश्चिम आफ्रिकेत व्यसन म्हणून खपणाऱ्या त्या गोळ्यांचा माग पालघरपर्यंत आला होता. जगाचा औषध कारखाना म्हणवून घेताना हेही वाचायला हवं.

कायद्याबाहेरची दोन साधनं

अमेरिकेत अतिमात्रेचे मृत्यू २०२४ मध्ये सुमारे ८० हजारांवर आले. श्रेय कोणाला, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण श्रेयाच्या यादीत नालोक्सोनचं नाव सगळेच घेतात. हे औषध ओपिऑइडला ग्राहीवरून ढकलून स्वतः तिथे बसतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. मार्च २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. दुसरं साधन म्हणजे गोळी पाण्यात विरघळवून फेंटानिल आहे का ते दाखवणारी कागदी पट्टी. अनेक राज्यांत काही वर्षांपूर्वीपर्यंत ही पट्टीच ‘अमली पदार्थाचं साहित्य’ म्हणून बेकायदा होती, इतका कायदा कधी कधी आपल्याच पायात पाय अडकवतो.

तुमची मुलं, भाचे, नातवंडं शिकायला अमेरिकेत असतील, तर त्यांना एवढं सांगा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला ‘अॅडरॉल’ किंवा झोपेसाठी ‘झॅनॅक्स’ म्हणून मित्राने हातावर ठेवलेली गोळी, शिक्का कितीही खरा दिसला तरी, घ्यायची नाही. खोलीत नालोक्सोनचा फवारा ठेवायचा. कोणी उठवूनही उठत नसेल, श्वास तुटक असेल, तर फवारा मारून ताबडतोब ९११ ला फोन करायचा आणि एका फवाऱ्याने भागलं नाही तर दोन-तीन मिनिटांनी दुसरा मारायचा. पोलिसांच्या भीतीने फोन टाळू नये. मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे तिथल्या बहुतेक सर्व राज्यांत आहेत.